खालचा खण

पलंगाशेजारच्या कपाटाचा खालचा खण बंद होईनासा झाला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे जरा जास्तच झालंय. स्तनाच्या कॅन्सरसाठीची चौथी केमो होऊन दोन दिवस झाले होते, रात्रीचे दोन-अडीच वाजले असतील, स्टेरॉइडमुळे झोपेचं पार खोबरं झालेलं, आणि मी जमिनीवर बसकण मारून एकेक बाटली बाहेर काढत होते. चौदा निघाल्या. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, त्यात वर मिऱ्याचा अर्क. पपईच्या पानांच्या गोळ्या. ग्रीन टीचा अर्क, फिश ऑइल, व्हिटॅमिन सी, अळंबीची पावडर (ती दोन कंपन्यांची, दोन्ही अर्धवट), केसांसाठी बायोटिन, जर्दाळूच्या बियांच्या गराचं एक पाकीट जे मी उघडलंच नव्हतं, अजून काय काय. आणि सगळ्यात मागे आत्याची काचेची बरणी, काढ्याच्या भरडीची, तिच्यावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर तिच्या तिरक्या अक्षरात 'स. उ.' आणि 'रा. झो.', म्हणजे सकाळी उपाशीपोटी आणि रात्री झोपताना.

गंमत अशी की त्या चौदांपैकी एकही बाटली नेमकं करते काय हे मला धड सांगता आलं नसतं. पण कुठली कुणी दिली ते मात्र चौदाच्या चौदा सांगता आलं असतं, कुठल्या खुर्चीत बसून दिली, देताना काय म्हणाले, ते सुद्धा.

कॅन्सर झालेल्या माणसाकडे लोक रिकाम्या हाताने येत नाहीत. घाबरलेले असतात हो. काय बोलायचं कळत नाही, टक्कल पडलेल्या डोक्याकडे बघायचं की नाही कळत नाही, मग बाटली पुढे केली की निदान पहिली पाच मिनिटं तिच्याबद्दल बोलता येतं. हे मला तेव्हा नाही कळलं, आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा मी फक्त ते एक वाक्य ऐकत होते जे सगळ्यांनी जणू ठरवून पाठ केलं होतं, 'घेऊन तर बघ, नॅचरलच आहे, फायदा नाही झाला तरी नुकसान काय!'

तर आधी त्या 'नॅचरल'चं बोलू.

चौथ्या केमोनंतर मला बारा आठवडे, दर आठवड्याला एक, असं पॅक्लिटॅक्सेल नावाचं केमोचं दुसरं औषध लागणार होतं. हे औषध येतं कुठून तर झाडाच्या सालीतून! १९६२ साली अमेरिकेत वनस्पतींमधून कॅन्सरवरची औषधं शोधायचा एक सरकारी कार्यक्रम चालू होता, त्यात पॅसिफिक यू नावाच्या एका झाडाची साल गोळा केली गेली. मन्रो वॉल आणि आपले मनसुख वाणी (हो, भारतात जन्मलेले) या दोघांनी त्या सालीतला नेमका पदार्थ वेगळा काढला आणि त्याची रचना १९७१ मध्ये छापली. तो पेशीत जाऊन काय करतो हे १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं, पेशी दुभंगताना आत जे बारीक धाग्यांसारखे दोर तयार होतात आणि सुटतात ते हा पदार्थ सुटूच देत नाही, मग पेशीला दुभंगताच येत नाही. आणि औषध म्हणून परवानगी मिळाली १९९२ च्या डिसेंबरमध्ये. साल गोळा केल्यापासून तीस वर्षं. सदाफुलीचंही तसंच, तिच्यातून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन मिळाली, आज लहान मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरात, व्हिन्क्रिस्टिन वापरतातच.

म्हणजे मी ज्याला 'ते केमिकल' म्हणत होते ते झाड होतं आणि खणात जे होतं तेही झाड होतं. फरक असा की पहिल्या झाडाला तीस वर्षं कुणीतरी छळलं होतं. किती द्यायचं, किती दिल्यावर माणूस आजारी पडतो, यकृत नीट नसेल तर डोस किती कमी करायचा, रक्तातल्या पेशी किती खाली जातात, सगळं मोजून कागदावर आणलेलं. आणि एवढं मोजूनसुद्धा त्या झाडाच्या सालीने माझे तळपाय बधिर केले ते केलेच. तेव्हापासून 'याला साइड इफेक्ट नाहीत' असं कुणी म्हणालं की माझ्या मनात येतं, मग याला इफेक्ट तरी आहे का? शरीरात जाऊन जे काही करतं ते आपल्याला हवं तिथेच तेवढं करून गप्प बसेल असं कसं होईल.

पण हे शहाणपण नंतरचं. आधी मी काय केलं ते सांगते, म्हणजे पपईचं.

दुसऱ्या केमोनंतर बाराव्या दिवशी रिपोर्ट आला, पांढऱ्या पेशी एकदम खाली, प्लेटलेटही कमी. घरात सन्नाटा. त्याच संध्याकाळी दादा पपईच्या पानांच्या गोळ्या घेऊन आला, ऑफिसमध्ये कुणाच्या तरी कुणाला फरक पडला होता. मी घेतल्या. नऊ दिवसांनी परत रक्त तपासलं, आकडे वर! दादाने रिपोर्टचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, खाली टाळ्यांचे हात. मी पण टाकले. आणि तिसऱ्या केमोच्या वेळी मी त्या गोळ्या अगदी भक्तिभावाने घेतल्या, परत आकडे वर.

पुढे खूप दिवसांनी फाइल लावत बसले होते तेव्हा पहिल्या केमोचे रिपोर्ट हातात आले. पहिल्या वेळी पपई नव्हती, काहीच नव्हतं, तेव्हा खण रिकामा होता. बाराव्या दिवशी आकडे खाली, एकविसाव्या दिवशी वर. तसंच्या तसं. या औषधांचं चक्रच असं असतं, साधारण दहाव्या-बाराव्या दिवसाच्या आसपास पेशी तळाला जातात आणि तिसऱ्या आठवड्यात अस्थिमज्जा आपली आपण त्या भरून काढते, म्हणूनच तर दोन केमोंमध्ये तीन आठवडे ठेवतात. आपण गोळी सुरू करतो कधी? सगळ्यात वाईट दिवशी. मग त्यानंतर जे येणार ते बरंच असणार ना! कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला असं आपण शेजाऱ्याबद्दल हसून म्हणतो, माझ्याच फाइलमध्ये तो कोंबडा बसला होता आणि मी त्याला टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या फाइलने मला जे शिकवलं ते इंटरनेटवर सहा महिने वाचून शिकले नव्हते. वाचायचे मी खूप. 'अमुक पदार्थाने कॅन्सरच्या पेशी मेल्या' अशा बातम्या. हळू हळू कळायला लागलं की पेशी मेल्या कुठे हे बघायचं असतं. काचेच्या बशीत पेशी मारणं फार अवघड नाही, साबण ओतला तरी मरतात. बशीतून उंदरात, उंदरातून माणसात आणि माणसातही एका माणसात नाही तर दोन सारख्या गटांत, ज्यातल्या एकाला ते दिलंय आणि एकाला नाही, इतका प्रवास करून जे शिल्लक राहतं ते फार थोडं असतं. करक्युमिनचं बघा, हळदीतला तो पिवळा पदार्थ. २०१७ मध्ये काही रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्यावरचा सगळा पसारा तपासला, माणसांवरच्या शंभराहून जास्त चाचण्या झालेल्या, आणि नीट आखलेली, प्लासिबोशी (म्हणजे औषधासारख्या दिसणाऱ्या पोकळ गोळीशी) तुलना केलेली अशी एकही यशस्वी चाचणी त्यांना सापडली नाही. आणि बशीत तो चांगला दिसतो त्याचं एक कारण असं की तो तपासण्यांनाच चकवतो, काही करत नसला तरी केल्यासारखं दाखवतो. पोटातून रक्तात तर जेमतेम जातो. म्हणून मग त्यात मिरी घालतात, म्हणजे तो शोषला जावा. त्या मिरीकडे परत येते थोड्या वेळाने.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते मात्र बीटा कॅरोटिनने, म्हणजे गाजरातल्या त्या केशरी पदार्थाने. कारण तिथे कुणी भोंदू नव्हता. फळं-भाज्या जास्त खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो असं दिसत होतं, त्यांच्या रक्तात बीटा कॅरोटिन जास्त दिसत होतं, ते अँटिऑक्सिडंट आहे हे माहीत होतं, मग गोळी द्या की! किती सरळ. माझ्या खणातल्या निम्म्या बाटल्या याच तर्कावर उभ्या होत्या. फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर ही चाचणी झाली, १९९४ मध्ये निकाल आला, बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. जास्त! लोकांना वाटलं काहीतरी योगायोग असेल. अमेरिकेत तशीच दुसरी चाचणी चालू होती, १८,३१४ माणसं, सिगारेट ओढणारी, ओढून सोडलेली, अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेली, त्यांना बीटा कॅरोटिन आणि व्हिटॅमिन ए. ती १९९६ च्या जानेवारीत मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली, कारण गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्के जास्त होता आणि मृत्यू १७ टक्के जास्त. व्हिटॅमिन ई आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरचीही कथा तशीच, पस्तीस हजार पुरुष, आणि शेवटी व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांतच कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला.

हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते. कारण बघा, त्या हजारो माणसांपैकी एकेकट्याला विचारलं असतं तर कुणालाच काही जाणवलं नसतं. 'मी घेतो, मला तर काही त्रास नाही' असंच प्रत्येक जण म्हणाला असता. आणि ज्याला कॅन्सर झाला तो म्हणाला असता, सिगारेटमुळे झाला, गोळी तरी घेत होतो बिचारी. नुकसान होत होतं आणि ते कुणाच्याही अनुभवात दिसत नव्हतं, फक्त बेरजेत दिसत होतं. 'नुकसान काय' या प्रश्नाचं उत्तर आपल्या अंगात सापडत नाही कधी कधी, ही गोष्ट माझ्या घशाखाली उतरायला वेळ लागला.

आणि मग 'स्पेस'ची गोष्ट. पीसी-स्पेस नावाचं एक सप्लिमेंट होतं, आठ वनस्पतींचं मिश्रण, १९९०च्या दशकात प्रोस्टेट कॅन्सरवाले पुरुष घ्यायचे. स्पेस म्हणजे लॅटिनमध्ये आशा. आणि ते काम करायचं! पीएसएचे, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचे, आकडे खरोखर खाली यायचे, डॉक्टरांनाही दिसायचे, त्याच्यावर रीतसर अभ्यास सुरू झाले. मग कुणीतरी त्याच्या वेगवेगळ्या खेपा तपासल्या तर त्यात काय सापडावं? डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे प्रोस्टेटसाठी पूर्वी सर्रास वापरलं जाणारं कृत्रिम इस्ट्रोजेन, स्त्री-हार्मोन. वर वॉरफरिन, रक्त पातळ करणारं. २००२ मध्ये ते बाजारातून गेलं. मला त्यातल्या त्या पुरुषांचं वाईट वाटतं जे केमिकल नको म्हणून त्याच्याकडे वळले असतील. त्यांना केमिकलच मिळालं, फक्त डोस न सांगता.

बरं, आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. मी डॉक्टरांशी खोटं बोलले.

प्रत्येक केमोच्या आधी ते विचारायचे, 'आणखी काही घेताय का? आयुर्वेदिक, होमिओपॅथी, व्हिटॅमिन, कुणी काही दिलंय का?' चांगलं विचारायचे, रागावून नाही. आणि मी दर वेळी म्हणायचे, 'नाही डॉक्टर.' शेजारी नवरा बसलेला असायचा, तो खाली मोबाइलकडे बघायचा. का म्हणाले असेन? मी काही अडाणी नाही, स्वतःला बरीच चिकित्सक समजणारी बाई आहे. त्यामुळेच कदाचित. त्यांच्यासमोर मला शहाणा पेशंट दिसायचं होतं आणि घरी मला कुणाला नाराज करायचं नव्हतं, आणि या दोन्हींच्या मधे ती एक छोटीशी 'नाही' अगदी चपखल बसत होती.

पॅक्लिटॅक्सेल सुरू व्हायच्या आधीच्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, वाढलेलं आलं, नॉर्मलच्या चौपट. पॅक्लिटॅक्सेलचा निचरा यकृतातून होतो, त्यामुळे एवढ्या आकड्यावर ते देता येईना. सोनोग्राफी सांगितली. डॉक्टर फाइल मागे-पुढे चाळत होते, आधीच्या केमोमुळे असेल, व्हायरस असेल, डोस कमी करून चालेल का, असं स्वतःशीच बोलत होते, आणि मी समोर बसून गप्प. मला माहीत होतं की माझ्या पर्समध्ये आत्ता या क्षणाला हळदीच्या कॅप्सूलची स्ट्रिप आहे, दुपारची घ्यायची म्हणून आणलेली. मी तरी गप्प. तो माणूस अर्धं चित्र बघून माझ्या जिवाचा हिशेब करत होता आणि उरलेलं अर्धं मी मांडीवर घेऊन बसले होते.

घरी येऊन दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी केमो देतात त्या डे-केअरच्या सिस्टरना फोन केला, म्हटलं सिस्टर, मला काहीतरी सांगायचंय. त्या एक क्षणही थांबल्या नाहीत, म्हणाल्या, 'सगळं पिशवीत घालून घेऊन या मॅडम, सगळं म्हणजे सगळं, पुड्या सुद्धा.' आवाजावरून वाटलं की हा फोन त्यांना आठवड्यातून दोनदा तरी येत असावा.

पिशवी फार्मासिस्टच्या टेबलावर रिकामी केली. तरुण मुलगी होती, माझ्या भाचीच्या वयाची. तिने काही भाष्य केलं नाही, फक्त एकेक बाटली उचलून मागचं लेबल वाचायची आणि तीन ढीग करत गेली. कुठला ढीग कशाचा ते सांगितलं नाही, मलाच हळूहळू कळत गेलं. जर्दाळूच्या बिया तिने सरळ बाजूला, टेबलाच्या पार टोकाला सरकवल्या. त्यात अ‍ॅमिग्डॅलिन असतं, पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं, १९८२ मध्ये १७८ पेशंटवर त्याचा, म्हणजे लेट्रिल नावाने कॅन्सरवर दिल्या जाणाऱ्या औषधाचा, अभ्यास छापून आला होता, फायदा कुणाला नाही आणि काहींच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ. हळदीची कॅप्सूल हातात घेऊन तिने विचारलं, 'पुढे टॅमॉक्सिफेन आहे ना तुम्हाला?' माझा ट्यूमर हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारा, त्यामुळे तो परिणाम अडवणारी ती गोळी पुढे काही वर्षं आहेच. टॅमॉक्सिफेन यकृतात गेल्यावर तिचं जे रूप खरं काम करतं ते एंडॉक्सिफेन. १६ जणींच्या एका छोट्या अभ्यासात हळद आणि मिरी मिळून घेतल्यावर ते रक्तात साधारण १२ टक्क्यांनी कमी झालं. मिरी फक्त हळदीलाच आत सोडते असं थोडंच आहे, यकृतातल्या आणि आतड्यातल्या ज्या यंत्रणा औषधं मोडतात त्यांच्याशीच ती खेळते. आणि यकृताच्या बाबतीत म्हणाल तर हळदीच्या सप्लिमेंटमुळे यकृताला इजा झालेल्या दहा जणांची नोंद अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका गटाने केली आहे, त्यातला एक जण गेला. जेवणातली चिमूटभर हळद वेगळी आणि शेकडो मिलिग्रॅमचा अर्क मिरीच्या धक्क्याने रक्तात ढकलणं वेगळं.

ती सांगत होती ते मी वहीत लिहून घेत होते. यकृतातली एक एन्झाइम आहे, सीवायपी३ए४, बाजारातल्या किती तरी औषधांचा निकाल तीच लावते, केमोची बरीचशी त्यात आली. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती उदास वाटतं म्हणून लोक घेतात, ती या एन्झाइमला चाबूक मारते, मग केमो भराभर मोडून जाते. इरिनोटेकान या केमोच्या औषधाच्या बाबतीत २००२ मध्ये मोजलं तर त्याचं कामाचं रूप रक्तात ४२ टक्के कमी भरलं. म्हणजे केमोचा सगळा त्रास सोसायचा आणि औषध साठ टक्क्यांहून कमीच पोचायचं. उलट ग्रेपफ्रूटचा रस त्याच एन्झाइमला आतड्यात झोपवतो, मग औषध जास्त चढतं. हे कळलं कसं माहितीये, १९८९ च्या सुमारास कॅनडात डेव्हिड बेली रक्तदाबाच्या गोळीवर दारूचा काय परिणाम होतो ते बघत होते आणि दारूची चव लपवायला म्हणून हा रस वापरला होता! दारू राहिली बाजूला, रसानेच गोळीची रक्तातली पातळी वाढवून ठेवलेली. ग्रीन टीच्या अर्कातला एक घटक बोर्टेझोमिब या मायलोमाच्या (रक्ताच्या एका कॅन्सरच्या) औषधाला चिकटून त्याला निकामी करतो, असं बशीत आणि उंदरांत दिसलंय.

बायोटिनची बाटली तिने शेवटी उचलली. मला वाटलं ही तरी निरुपद्रवी असणार, केसांसाठी तर आहे. ती म्हणाली, 'ही तुम्हाला काही करणार नाही, पण तुमच्या रिपोर्टला करेल.' काही लॅबच्या तपासण्यांत बायोटिन हाच एक चिकटवायचा दुवा म्हणून वापरतात, त्यामुळे रक्तात ते भरमसाठ असेल तर आकडा खोटा खाली किंवा खोटा वर येऊ शकतो, थायरॉइडचा, हृदयाच्या ट्रोपोनिनचा, कॅन्सरचा माग ठेवणाऱ्या काही ट्यूमर मार्कर्सचाही. केस येतील न येतील, रिपोर्ट मात्र थापा मारायला लागतील. मला हसू आलं, कारण खोटं बोलणारी मी एकटीच नव्हते तर.

दोन आठवड्यांत एसजीपीटी उतरलं. पॅक्लिटॅक्सेल सुरू झालं. ओळखीत मी ही गोष्ट सांगते तेव्हा ऐकणारे लगेच म्हणतात, बघ, हळदीनेच केलं होतं. आणि मला तिथे थांबून सांगावं लागतं की नाही, मला माहीत नाही. बाटल्या बंद केल्या त्याच दिवसांत केमोलाही सुट्टी होती. कदाचित हळद असेल, आत्याचा काढा असेल, आधीची केमो असेल, यातलं काहीच नसेल आणि आपलं आपण उतरलं असेल. पपईला जो न्याय लावला तोच इथे लावायला नको? आपल्या बाजूची गोष्ट असली की कोंबडा लगेच खरा वाटायला लागतो.

अभ्यास मात्र आहेत, आणि ते मोठे आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेतला एक आला, उपचार पूर्ण नाकारून फक्त पर्यायी उपाय घेतलेले २८१ जण आणि त्यांच्यासारखेच, नेहमीचे उपचार घेतलेले ५६० जण. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीचपट, आणि स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाचपटीहून जास्त. त्याच वर्षी त्याच लोकांनी दुसरा अभ्यास केला, दोन्ही घेणाऱ्यांचा, माझ्यासारख्यांचा. तिथेही धोका दुप्पट, पण का, तर ही माणसं पुढची एखादी सर्जरी, केमो, रेडिएशन किंवा हार्मोनची गोळी जास्त वेळा नाकारत होती. बाटली मारत नव्हती, बाटलीच्या भरवशावर जे सोडून दिलं ते मारत होतं. मी हे वाचलं आणि मला आठवलं की तिसऱ्या केमोनंतर एका रात्री मी पण नवऱ्याला म्हटलं होतं, 'पुढचं नाही घेतलं तर? एवढं सगळं घेतेच आहे ना मी.'

कुणाला वाटेल ही आता सगळ्यालाच नाही म्हणणारी झाली. तसं नाही. आल्याची कॅप्सूल फार्मासिस्टने परत दिली, मळमळीवर काही चाचण्यांत उपयोग दिसलाय, काहींत नाही, डॉक्टरांना सांगून घ्या म्हणाली, घेतली, थोडी बरी वाटली. हार्मोनच्या काही गोळ्यांनी सांधे धरतात त्यावर अ‍ॅक्युपंक्चरचा उपयोग नीट चाचणीत दिसलाय. आणि २०२५ मध्ये तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरची एक चाचणी आली, केमो झालेले ८८९ पेशंट, निम्म्यांना तीन वर्षं आखून दिलेला, मागे लागून करून घेतलेला व्यायाम, आणि आठ वर्षांनी त्यांच्यातले ९० टक्के हयात, नुसती माहितीपुस्तिका दिलेल्यांतले ८३ टक्के. माझा कॅन्सर वेगळा आहे, त्यामुळे हे जसंच्या तसं मला लागू करणार नाही, पण चालायला जाते. मला भेटायला येणाऱ्यांपैकी 'चल, तुझ्याबरोबर अर्धा तास चालतो' असं म्हणत कुणी आलं नाही हो. चालणं बाटलीत भरून देता येत नाही ना.

डे-केअरमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत एक बाई असायच्या. त्यांचं यकृतापर्यंत गेलेलं. त्या थर्मासमधून कसलासा काळाकुट्ट रस घ्यायच्या, डोळे मिटून, एका दमात. माझ्या अंगात तेव्हा नव्याने शहाणपण आलेलं, मी विचारलं, हे डॉक्टरांना माहितीये का? त्या म्हणाल्या, 'सगळं माहितीये. कशात काय आहे ते लिहून दिलंय, त्यांनी दोन गोष्टी काढायला लावल्या, त्या काढल्या.' आणि थोड्या वेळाने, मी काही विचारलं नसताना, 'याने काही व्हायचं नाही हे मला ठाऊक आहे बाई. माझा मुलगा पहाटे पाचला उठून करतो हे. एरवी तो काय करेल पहाटे पाचला?'

मी गप्प बसले. माझ्या वहीतल्या कुठल्याच आकड्यात तो मुलगा बसत नव्हता.

आत्या पुढच्या रविवारी आली. तिला बरणीबद्दल सांगायचं होतं, मी आठवडाभर वाक्यं जुळवत होते. तिने आल्या आल्या खण उघडला, तिला सवय आहे, आणि रिकामा खण बघून काही बोलली नाही. बरणी मी धुऊन ओट्यावर पालथी घातली होती, चिकटपट्टी तशीच होती. तिने ती उचलली, पदराने पुसली, पिशवीत ठेवली.

'डॉक्टरांनी नको सांगितलंय का?'

'सगळंच बंद केलंय आत्या, यकृताचं जरा बिघडलं होतं.'

'माझ्या काढ्यानं?'

'माहीत नाही गं. कशानं ते कुणालाच माहीत नाही.'

ती पलंगाच्या कडेला बसली. हातात काही नव्हतं तिच्या, त्यामुळे हात मांडीवर नुसते पडलेले, मला ते बघवेनात. मी म्हटलं, 'पाय चोळून देतेस? मुंग्या येतात सारख्या.' तिने लगेच माझा पाय मांडीवर ओढला आणि अंगठ्याने तळवा दाबायला लागली, टाचेपासून वर, तिच्या त्या दणकट हातांनी, आणि मला वरून दिसत होतं की ती जोरात दाबतेय.

'कळतंय का गं?'

'हो,' मी म्हटलं.

मग जरा थांबून म्हटलं, 'टाचेला कळतंय. पुढे नाही.'

'बरं,' ती म्हणाली, आणि परत टाचेपासून सुरू केलं.